टेलफोर्ड काउंटीतील १७१ इंची शिंगांच्या नराच्या नोंदीतून माझे नाव वगळण्याबाबत

प्रति,
मा. वन्यजीव अधिकारी,
शिकार नोंदणी शाखा,
टेलफोर्ड काउंटी, इलिनॉय.

विषय : हरणाच्या शिकारीचा मान माझ्याकडून काढून घेऊन तो ज्याचा आहे त्याच्या गळ्यात घालण्याबाबत.

संदर्भ : शिकार-नोंद क्र. ४४०७१९, दि. १० नोव्हेंबर.

महोदय,

मी खाली सही करणार वर्लिन स्टकी, वय त्रेपन्न, राहणार हिकरी रोड, गेली एकोणीस वर्षे श्री. रॉइस टॅनहिल यांच्या शिकारी लॉजवर वाटाड्याचे काम करतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना शेताकडेच्या रानात मचाणावर नेऊन बसवणे, वेळेला उतरवून आणणे आणि त्यांनी मारलेले हरीण शोधून काढणे, हे माझे काम. यातली पहिली दोन कामे एखादी चांगली शिडीसुद्धा करू शकेल. तिसऱ्यासाठी माणूस लागतो, आणि त्या तिसऱ्या कामाबद्दलच हा अर्ज आहे.

आपल्या दप्तरी अशी नोंद आहे की या हंगामात काउंटीतला सर्वांत मोठा नर मी बाणाने मारला. मी तो मारलेला नाही. माझ्या धनुष्याची दोरी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुटली, ती मी अजून बसवलेली नाही. मांसासाठी मादी मारायची असली की मी डिसेंबरात मेहुण्याचे धनुष्य मागून आणतो. तुटकी दोरी सोबत जोडली आहे.

घडले ते असे. दि. ८ नोव्हेंबर रोजी सकाळी पावणेआठच्या सुमारास लॉजचे पाहुणे श्री. ब्रॅडफर्ड किंचेलो, राहणार अटलांटा, व्यवसाय होड्या विकणे, यांनी श्रीमती लिओटा ग्रॅबर यांच्या रानातल्या मचाणावरून एका नरावर बाण सोडला. या नराला मी चार वर्षे कॅमेऱ्यात पाहत आलो होतो. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणाऱ्यासारखा तो मान खाली घालून, कोणाला धक्का न लावता चालायचा, म्हणून आम्ही त्याला डीकन म्हणत असू. बाण मला ओढ्याच्या काठी मिळाला. त्यावर रक्त थोडे आणि हिरवट घाण जास्त होती, वासही होता. म्हणजे बाण पोटातून गेला होता. अशा हरणाच्या मागे लगेच लागायचे नसते. आठ-दहा तास त्याला एका जागी पडू द्यावे आणि मग शांतपणे शोधावे, एवढे इथल्या शाळकरी मुलीलाही माहीत आहे.

आता लॉजचा नियम. तो जेवणाच्या खोलीत लाकडी पाटीवर कोरलेला आहे : रक्त निघाले की शिकार झाली. हरीण सापडो वा न सापडो, पाहुण्याचा हंगाम तिथे संपतो आणि त्याने उरलेले दिवस शोधण्यात घालवायचे. या नियमामुळे माणूस बाण सोडण्याआधी दोनदा विचार करतो. एकोणीस वर्षांत मी ही पाटी दर वसंतात स्वतः तेल लावून पुसत आलो आहे.

दुपारी मी शोधायला निघणार, तेवढ्यात दुसऱ्या शेतावरच्या कॅमेऱ्यात एक मोठा नर दिसला. श्री. टॅनहिल यांनी मला बाजूला घेतले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : "वर्लिन, अरे, तो बाण लागलाच नाही असं धर. नुसता केसांना चाटून गेला. ब्रॅडला तिकडं नेऊन बसव, उगाच गोड माणसाचा विरस नको." मी बाण त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी वास घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, की चिखलाचा वास आहे. मी एक भित्रा माणूस आहे, हे या अर्जात कुठेतरी लिहायला हवे होते, ते इथे लिहितो. मी श्री. किंचेलो यांना दुसऱ्या शेतावर नेऊन बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिथे तो नर मारला. शिंगे, सगळ्या फाट्यांची मापे मिळून, १५८ इंच. त्याच्या तोंडावरचे रक्त पुसून, जीभ आत ढकलून, उगवतीकडे तोंड करून पस्तीस फोटो काढले. फोटो मीच काढले. संध्याकाळी लॉजवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितले, की पहिला गेला ते बरेच झाले, तो तसाही बारका वाटला होता. मला त्या हाताची शिसारी आली, पण मी खांदा काढून घेतला नाही.

दि. १० रोजी ते विमानाने परत गेल्यावर मी एकटा ग्रॅबरबाईंच्या रानात शिरलो. शोधायला फार वेळ लागला नाही, कावळ्यांनीच दाखवले. डीकन ओढ्याच्या वळणावर, अर्धा पाण्यात पडला होता. मागचा भाग कायोटी कोल्ह्यांनी खाल्लेला, मानेची कातडी फाटलेली, उरलेले मांस हिरवे पडलेले. जिथे पडला तिथली माती त्याने पायांनी उकरली होती, म्हणजे तो लगेच मेला नव्हता. आठ तारखेला दुपारी मी गेलो असतो तर मांस वाचले असते आणि त्याचे हालही लवकर संपले असते.

मी फोन केल्यावर श्री. टॅनहिल आले ते करवत घेऊन आले. त्यांनी शिंगांना मोजायची फीत लावली आणि ते जे हसले ते मला अजून आठवते. ज्याला बारका म्हणून सोडून दिला तोच मोठा निघाला होता. आता तो सोडवेना. पण टॅगशिवाय, म्हणजे परवान्याबरोबर मिळणाऱ्या एका हरणापुरत्या चिठ्ठीशिवाय, शिंगे नेणे गुन्हा आहे, आणि श्री. किंचेलो यांचा टॅग दुसऱ्या नरावर लागून संपला होता. माझ्या खिशात माझा एक टॅग होता, नर-मादी दोन्हींना चालणारा. श्री. टॅनहिल नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

तो टॅग मी लावला, महोदय, कोणी माझा हात धरला नव्हता. त्या वेळी मला वाटले, की या जनावराला निदान कोणीतरी आपले म्हणावे. चार वर्षे ज्याला पाहिले त्याचे डोके बेवारस चोरीच्या मालासारखे ट्रकमध्ये पडू नये. शहाणपणाचे होते असे मी म्हणत नाही. मी त्याच्या पायाला टॅग बांधला, आपल्या कार्यालयाच्या नंबरवर फोन लावून बटणे दाबली, तारीख, काउंटी, नर की मादी ते सांगितले, आणि यंत्राने मला नोंद क्रमांक देऊन माझे आभार मानले. मी पाण्यात उभा होतो आणि नाकाला रुमाल लावला होता.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला काय म्हणावे मला कळत नाही. पशुखाद्याच्या दुकानाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात माझा फोटो लागला. धनुष्याच्या दुकानदाराने मी कोणता बाण वापरतो ते विचारले, आणि मी गप्प राहिलो तर गावभर सांगितले की स्टकी आपले गुपित फोडत नाही. चर्चच्या शिकारी मेजवानीत मला चार शब्द बोलायला उभे केले. मी म्हणालो, की मला बोलण्यासारखे काही नाही, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, असा नम्र माणूस विरळा म्हणून. पाद्री वेस्टफॉल यांनी तर पुढच्या रविवारी नम्रतेवरच प्रवचन केले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

शिंगे साठ दिवस वाळवून जानेवारीत रीतसर मोजली. १७१ आणि तीन अष्टमांश इंच. पेंढा भरणाऱ्याने सांगितले, की या हरणाची कातडी कामाची राहिली नाही, म्हणून त्याने विस्कॉन्सिनच्या एका हरणाची कातडी आणून चढवली. ते डोके आता लॉजच्या भिंतीवर आहे, खाली पितळेच्या पट्टीवर माझे नाव आहे, आणि पुढच्या हंगामाचे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून नावनोंदणी करतात. कातडी परराज्यातली, डोळे काचेचे, शिकारी मी. त्या भिंतीवर खरे म्हणावे असे फक्त शिंगेच उरली आहेत. नियमाची पाटी समोरच्याच भिंतीवर आहे. यंदा मी तिला तेल लावलेले नाही.

हे सगळे मी गिळले असते. एकोणीस वर्षांत खूप गिळले आहे. पण ग्रॅबरबाईंनी मला बोलावले.

त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे पती ऑरव्हल यांनी त्यांचे रान आम्हाला शिकारीसाठी वापरायला दिले ते कागदावर नाही, गोठ्याच्या दारात माझ्या हातात हात देऊन, आणि एकाच अटीवर : इथे मारलेले काहीही इथे पडून सडता कामा नये. ते वारल्यापासून दर डिसेंबरात एक मादी मारून, कापून, कागदात गुंडाळून मी बाईंच्या फ्रीजरमध्ये ठेवत आलो. डीकनच्या पायाला मी बांधला तो टॅग त्या मादीसाठी राखलेला होता.

बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढ्याचे वळण दिसते. टेबलावर वर्तमानपत्र होते, माझा फोटो वर करून घडी घातलेले. त्यांनी मला कॉफी दिली, आणि मी ती पिईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "तीन दिवस मी कावळे बघत होते, वर्लिन. मला वाटलं, कुणा परक्याचं काम असेल. तुझं असेल असं मनातसुद्धा आलं नाही रे."

मी तोंड उघडले. पण टॅग तर मीच माझ्या हाताने बांधला होता. आता खरे सांगितले तर ते पाहुण्यावर ढकलल्यासारखे दिसेल असे वाटले, म्हणून मी रिकामा कप उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवला. त्या एवढेच म्हणाल्या, "यंदा मांस नको. मला जाणार नाही ते." मी बाहेर पडलो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या आणि त्यांनी साखळी लावली. त्या फाटकाला साखळी आहे हेच मला ठाऊक नव्हते.

श्री. टॅनहिल यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, की शेते पुष्कळ पडली आहेत.

तरी महोदयांना विनंती, की वरील नोंद खोटी ठरवून त्या जागी असे लिहावे : नर, ग्रॅबर यांचे रान, बाण श्री. किंचेलो यांचा, दि. ८ नोव्हेंबर, शोध त्या दिवशी घेतला नाही, मांस वाया गेले, दुसऱ्याच्या शिकारीवर टॅग लावला वर्लिन स्टकी याने. या शेवटच्या गोष्टीसाठी कायद्यात जी शिक्षा असेल ती मला द्यावी, मी वकील करणार नाही. माझे वाटाड्याचे ओळखपत्र सोबत परत करत आहे. ते मला पुन्हा देऊ नये, आणि मी मागायला आलो तरी देऊ नये. भिंतीवरचे डोके जप्त करावे असे मी सुचवतो, पण निदान पितळेची पट्टी उतरवावी, ती चार स्क्रूंवर आहे.

दुरुस्त नोंदीची प्रत मला नको. ती श्रीमती ग्रॅबर यांना टपालाने पाठवावी. त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून अक्षर मोठे असावे, आणि तारखा स्पष्ट असाव्यात, विशेषतः ८ ही. सोबत माझी चिठ्ठी वगैरे काही जोडू नये. मी सांगितले तर ते माझे म्हणणे होईल, कार्यालयाने सांगितले तर ते झालेले असेल.

आपला, अद्याप कागदोपत्री शिकारी असलेला,

वर्लिन स्टकी
दि. ६ मार्च

सोबत :
१. धनुष्याची तुटकी दोरी.
२. वाटाड्याचे ओळखपत्र, पुढील तीन वर्षांसाठी वैध.
३. दि. ८ नोव्हेंबरचा बाण, न धुतलेला, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी बाहेर नेऊन उघडावी.
४. एक रिकामे पाकीट, तिकीट लावलेले, वर पत्ता लिहिलेला : श्रीमती लिओटा ग्रॅबर, क्रीक रोड. टपालपेटी फाटकाच्या अलीकडे आहे, साखळी उघडावी लागत नाही.