शेवटच्या दहा मिनिटांचा टोल

५ जानेवारी
सव्वीस वर्षं या शाळेत शिपाई आहे. सव्वीस बोर्डाच्या परीक्षा माझ्या टोलावर झाल्या. ऑफिसातले क्लार्क जूनमध्ये रिटायर होतायत. मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा दहावी पास झालात तर ती खुर्ची तुमची, नाहीतर बाहेरून माणूस घेऊ. फॉर्म भरून टाकला. परीक्षेची भीती इतरांना. मला तिची नस न् नस ठाऊक आहे.

६ जानेवारी, पहाटे पाच
अभ्यासाला बसलो. पेन्सिलीला टोक काढलं. दुसऱ्या पेन्सिलीलाही काढलं. मग शाळेची वेळ झाली.

१९ जानेवारी
बायकोने खुर्चीसाठी उशी शिवली. निळी. मापासाठी क्लार्क जेवायला गेल्यावर बसून पाहिलं. खुर्ची माझ्याच अंगाची आहे. थोरल्या लेकीने विचारलं, गणिताचं काय? म्हटलं, गणित कुठे पळून जातंय.

११ फेब्रुवारी
थोरली कॉलेजातून आली की रोज तास घेते. आज प्रमेय. वर्तुळ, त्रिज्या, स्पर्शिका. तिला शिकवण्याची हातोटी नाही, तीनदा सांगावं लागलं. चौथ्यांदा मी मान डोलावली. तिचा दमलेला चेहरा बघवेना.

२ मार्च
मी परीक्षेला बसणार, म्हणून टोल बागेतल्या माळीदादांकडे. काळजीच लागली. त्यांना घड्याळ कळतं, टोल कळत नाही. आठवडाभर त्यांना शिकवणार. माझा अभ्यास त्यानंतर.

९ मार्च
माळीदादा जवळजवळ तयार. फक्त शेवटच्या दहा मिनिटांचा टोल विसरतात. माझंही फक्त गणित राहिलंय.

१२ मार्च, गणित
पहिला तास प्रश्न वाचण्यात गेला. एकाने पुरवणी मागितली, मी द्यायला उठलो. सुपरवायझर बाईंनी खाली बसवलं.
पाचव्या प्रश्नात थोरलीचं प्रमेय. तेच वर्तुळ, तीच स्पर्शिका. डोळे भरून आले. सगळं आठवत होतं. आकृती काढली, नावं दिली. सहज घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं उरली होती आणि टोल नाही. अर्धं मिनिट थांबलो. आणखी अर्धं. सगळी मुलं खाली मान घालून लिहितायत, कुणाला पत्ता नाही. राहवेना. गेलो आणि टोल दिला. दोन ठोके, स्वच्छ. माळीदादा कुंड्यांना पाणी घालत होते.
परत आलो तर बाईंनी पेपर उचललेला. शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर गेलेल्याला पुन्हा बसता येत नाही, म्हणाल्या. फळ्याकडे बोट दाखवलं. नियम लिहिलेला होता. अक्षर माझंच.

१२ मार्च, संध्याकाळ
थोरलीला सांगितलं, प्रमेय आलं होतं. तिने टाळ्याच वाजवल्या. पुढचं सांगवलं नाही.

२८ मे
निकाल. बाकीचे विषय काठावर निघाले. गणितात चार मार्क कमी. थोरलीने विचारलं, बाबा, प्रमेय चार मार्कांचंच होतं ना? हो म्हटलं. ती मार्कलिस्टकडे बघत राहिली. फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा तीच नापास झाल्यासारखी दिसत होती.
ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं. पण खुर्ची ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही.

१५ जून
नव्या क्लार्कबाई हजर झाल्या. त्या यायच्या आत खुर्ची पुसली. बायको म्हणाली होती, उशी घरीच राहू दे. पण खुर्ची कडक आहे, आणि बाईंचा पहिलाच दिवस. ठेवली.
उशी छान आहे, कुणाची, असं बाईंनी विचारलं. शाळेची, म्हटलं.
टोलाला एक मिनिट होतं. निघालो.