बुजवलेली भोकं

१२ फेब्रुवारी १९६७, बोईसर

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डर म्हणून लागलो आणि पहिल्याच रविवारी गाडीचा मालक झालो! सिन्नरला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. गाडी विलायती ब्रिस्टल, दोन दारांची, लांब नाकाची, दूरच्या सफरीसाठी बांधलेली. दांडीच्या कोळीवाड्यातल्या रामा तांडेलांच्या झावळ्यांच्या झापात सुक्या बोंबलांमागे पडून होती. मुंबईच्या कुणा साहेबानं बायकोला शेजारी बसवून ओहोटीच्या वाळूतून गाडी घातली आणि भरतीनं गाठलं. साहेब मिळाला, बाई मिळाली नाही. गाडी गावानं ओढून काढली, पण न्यायला कुणी आलं नाही. रामाकाकांना झाप मोकळं हवं होतं, म्हणून दिली मला. तळाच्या पत्र्याला त्यांनी पहारीनं भोकं पाडली आहेत. होडीतला माणूस बुडून मिळाला नाही, तर ते होडीलाही अशीच पाडून ठेवतात.

"भोकं बुजवू नका," म्हणाले. "पानी येल, पानी जाल. बुजवलीत तर ते जानार नाय, आन ती बाय सोबत मागल."

मी मान डोलावली. म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार!

१९ फेब्रुवारी

गाडी खोलीमागच्या पडवीत आहे. वरचा पत्रा अॅल्युमिनियमचा, गंजाचा ठिपका नाही. इंजिन उघडून रॉकेलनं धुतलं. निफाडचा झुंबर, माझ्याच पाळीतला फिटर, मदतीला होता. दारं बाहेरून लोण्यासारखी उघडतात, आतून मात्र अडतात. बघू सावकाश.

नर्मदेला पाचवा महिना आहे. तिला मनोरच्या एसटी थांब्यावरून याच गाडीतून आणणार, शेजारी बसवून. लग्नात बैलगाडीतून आणली, हे ती अजून ऐकवते. तसा निरोप तिच्या भावाच्या पत्त्यावर धाडला, कारण तिला वाचता येत नाही. शिकवीन म्हणालो होतो, राहूनच गेलं.

२६ फेब्रुवारी

भोकं बुजवली. भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि गरोदर बायकोच्या पायाखाली रस्ता दिसणारी गाडी काय कामाची? सांधे असे बसलेत की कामावरच्या साहेबानंही पाठ थोपटावी. झुंबर आज आला नाही. काम आहे म्हणाला. इंजिन लागलं! स्टेशनपर्यंत जाऊन आलो, बैल बुजले.

१ मार्च

गाडीतलं जाजम ओलं. माघात पाऊस कुठला? बोट लावून चाखलं तर खारट. पुसून काढलं.

३ मार्च

पाणी घोट्यापर्यंत. समुद्र इथून कोसांवर, तरी भरतीच्या वेळी चढतं. झुंबरनं पाहिलं. ओहोटीला उतरत मात्र नाही. डब्यानं उपसलं. त्यात लांब केस होता, बाईचा. डावी गादी दबलेली आहे. हातानं फुगवली, पुन्हा दबली. मला भीती वाटते आहे.

४ मार्च

दांडीला गेलो. रामाकाका रागावले नाहीत. घरी कुणी बाईमाणूस यायचंय का, एवढंच विचारलं. बायको उद्या येते म्हणालो. त्यांनी माझा दंड धरला. ती यायच्या आत आतून भोकं पाडा, दार लागू देऊ नका, असं बजावलं.

५ मार्च, दुपार

झुंबरला मनोरला पाठवलं. नर्मदेला त्याच्याच बिऱ्हाडी नेऊन ठेव म्हणालो. दाराला दगड लावून आत शिरलो. छिन्नी लागत नाही, माझेच सांधे—

दार लागलं. वारा नव्हता.

आतून उघडत नाही. काचेवर हातोडा मारला, ओरखडाही नाही. ओरडतोय, कुणी ऐकत नाही. खिशात ही वही आणि पेन्सिल, तेवढीच—

पाणी गुडघ्याला. डावीकडे ती बसली आहे. ओले केस. मला काही करत नाही. माझ्याकडे बघतही नाही. बाहेर बघतेय, वाटेकडे. जागा करून सरकली—

नर्मदा. इकडंच येतेय. गाडी बघायचा हट्ट धरला असणार. झुंबर ट्रंक घेऊन पार मागं.

मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला धरलं. दार उघडू नको. पण तिला वाचता कुठं—

हसतेय. तिला वाटतंय, मी बोलावतोय. डाव्या दाराशी आली. मुठीवर हात—