तीन डब्या ताटात, चौथी खिशात

शनिवार, ११ ऑक्टोबर

डबी भरून ठेवली. तीन चकत्या. दोनदा मोजल्या. तीनच तर आहेत, दोनदा काय मोजता, असं आमची ही म्हणते. तुम्ही काही सुधारणार नाही म्हणे. नाहीच सुधारणार! चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली, अख्ख्या बाजाराचे तराजू तपासले. ही सवय आता माझ्याबरोबरच पुरायची.

एरवी आम्ही आजाऱ्यांकडे कम्युनियन नेणारे चौघे रविवारी सकाळी वेदीमागच्या खोलीत डब्या भरतो. काचेच्या बरणीतून भाकरीच्या पातळ चकत्या घ्यायच्या, ज्याच्या त्याच्या घरांपुरत्या, आणि डबी ताटात ठेवायची. चर्चची घंटा वाजवणारे आमचे घंटाकाका ते ताट वेदीवर नेतात. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर अर्पणाची प्रार्थना म्हणतात आणि मग ती भाकर राहत नाही, ख्रिस्तशरीर होतं. शेवटी आपापली डबी उचलायची, खिशात घालायची, निघायचं.

पण उद्या मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन माझं. सकाळी धांदल नको, म्हणून आज संध्याकाळीच जाऊन भरून आणली. उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, वर बटण लावलं. विसरायचा प्रश्नच नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

काटेमामा हो म्हणाले!!

एकतीस वर्षं हा माणूस चर्चची पायरी चढला नाही. घड्याळांचं दुकान चर्चच्या बरोब्बर समोर. आमची घंटा झाली की घड्याळं लावून घ्यायचा, पण आत यायचं नाव नाही. बायको गेली तेव्हापासूनचं हे. तिला शेवटचं कम्युनियन हवं होतं. निरोप चर्चमध्ये पोचला होता. कुणी आलंच नाही, ती तशीच गेली. निरोप कोण विसरलं, तेव्हाचे फादर कुठे होते, ते आजतागायत कुणी धड सांगितलं नाही. "पुरायला मात्र सगळे वेळेवर," हे काटेमामांनी गावातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलेलं आहे.

आता हृदय थकलंय. दुकान बंद, मुलीकडे असतात. वर्षभर मी दर रविवारी जातोय. मी बसायचं, त्यांनी टोमणे मारायचे, चहा प्यायचा, उठायचं. काय इन्स्पेक्टर, देवाच्या तराजूवर शिक्का मारलात का? असलं काहीतरी. मीही सोडत नाही म्हणा. पण घरी येईपर्यंत जीव आंबून जायचा.

आज कम्युनियनची रांग संपली आणि बाजूच्या दारात त्यांची मुलगी. शाळेत शिकवते, वर्गात साठ पोरं गप्प बसवते, आणि आज तिचेच ओठ थरथरत होते. फादर परवा येऊन बाबांचं पापनिवेदन ऐकून गेलेत, आत्ता बाबा स्वतःहून हो म्हणालेत, मन फिरायच्या आत चला म्हणाली. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. खिसा चाचपला, डबी होती, तिच्या स्कूटरवर मागे बसलो.

खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले. आम्ही दोघं गुडघ्यांवर. त्यांनी तळहात पुढे केला, आमेन असं पुटपुटले, हात तोंडाकडे नेला आणि मान खाली घालून बसून राहिले. मुलगी रडली. मीही रडलो, इथे काय लपवायचं!

तिथून बेकरीवाल्याची आई, मग शिंपीदादा. दोन्हीकडे जरुरीपेक्षा जास्त बोललो. घरी हिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरू केलं तर म्हणाली, आता जेवा.

सोमवार, १३ ऑक्टोबर

लिहायची लाज वाटतेय. तरी लिहितो.

संध्याकाळी खुर्च्या लावायला चर्चमध्ये गेलो. घंटाकाकांनी विचारलं, काल बरं नव्हतं का? म्हटलं, का हो? तर म्हणाले, ताटात तीनच डब्या होत्या, तुमची नव्हती, म्हटलं आज जाणार नसाल.

तिथेच मटकन बसलो.

डबी ताटात ठेवलीच नाही! शनिवारपासून खिशातच. वेदीवर गेलीच नाही, प्रार्थना झालीच नाही. एरवी मिस्सेनंतर ती खिशातच असते, म्हणून हाताला लागली तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मी तिन्ही घरी नुसती भाकर देऊन आलो. बरणीतली कोरडी चकती! आणि त्या चकतीपुढे ती पोरगी गुडघे टेकून रडली. एकतीस वर्षांनी माणसाने हात पुढे केला आणि मी त्यात काय ठेवलं? मापात पाप करणाऱ्यांना आयुष्यभर दंड ठोकले मी.

हिला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणाली, "अहो, तुमच्याकडूनसुद्धा चुकतं तर." हसली नाही पण. पाणी आणून दिलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फादरकडे गेलो. आमच्या थोरल्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा उभा राहून सगळं सांगितलं. ही सेवा माझ्याकडून काढून घ्या म्हणालो, डबी टेबलावर ठेवली.

फादरनी डबी उघडून पाहिली. मग विचारलं, त्या तिघांपैकी कुणाच्या मनात खोट होती का? नव्हती म्हटलं. "देव तुमच्या डबीत मावतो," म्हणाले, "पण अडकून पडत नाही. ज्यांनी मनापासून हात पुढे केला त्यांना तो रिकाम्या हाती पाठवणार नाही. पण चूक ती चूक. तिन्ही घरी जाऊन सांगा, आणि या वेळी खरं कम्युनियन न्या." डबी माझ्याकडे परत सरकवली.

छातीवरचा धोंडा थोडा हलला. रस्त्यात काटेमामांच्या मुलीचा फोन. त्यांना पहाटे इस्पितळात हलवलंय. शुक्रवारी ऑपरेशन. वाचण्याची शक्यता निम्मीच, असं डॉक्टर म्हणाले.

धोंडा होता तिथे परत.

बुधवार, १५ ऑक्टोबर

शिंपीदादा प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून काजं करत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे रविवारी मी नुसता नाश्ता केला? मग स्वतःच हसत सुटले. मी मान वर करू शकत नव्हतो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. अहो, उलटी बाही लावली तर उसवून सुलटी लावायची, शर्ट फेकतं का कुणी? खरं कम्युनियन दिलं. डोळे मिटून घेतलं त्यांनी.

बेकरीवाल्याच्या आईला कालचं आज आठवत नाही. तरी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. ती माझा हात कुरवाळत म्हणाली, "त्याला ठाऊक आहे ना रे? मग झालं." मी उठेपर्यंत मी कोण ते विसरली होती. पण कम्युनियन घेताना आमेन अगदी खणखणीत.

दोन घरं झाली. तिसऱ्या घराचं काय करू? मुलीला इस्पितळाच्या जिन्यात गाठून खरं सांगितलं.  नका सांगू, म्हणाली. बाबा रविवारपासून अस्वस्थ आहेत, झोपत नाहीत, त्यात हे ऐकलं तर परत तोंड फिरवतील आणि तसेच आत जातील.  तिचं खोटं नाही. पण न सांगता ते शुक्रवारी गेले, तर माझी चकती घेऊनच जातील. सांगितलं तर चर्चने त्यांना दुसऱ्यांदा फसवलं असं होईल. इकडे आड तिकडे विहीर.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी फादर म्हणाले, मी जाऊन सांगू शकतो, पण ते तुमच्याच तोंडून यायला हवं. त्यांनी बोलावलं तर मी पाच मिनिटांत येतो. मुलीलाही तेच सांगितलं त्यांनी. ती शेवटी हो म्हणाली, पण मी दाराबाहेर थांबते म्हणाली.

दुपारी गेलो. सहा खाटांची खोली, ते खिडकीकडच्या खाटेवर. नाकात नळी. मला बघून टोमणा मारला नाही.

उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर धीर सुटला असता. म्हणालो, "मामा, रविवारी मी तुम्हाला दिलं ते कम्युनियन नव्हतं. वेदीवर न गेलेली भाकर होती. माझी चूक. चर्चच्या वतीने आलो होतो, म्हणून चर्चचीही चूक. माफ करा."

 मग त्यांचा खांदा हलायला लागला. मी घाबरलो, नर्सला हाक मारणार, तर कळलं, हसतायत! हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. उशीखाली हात घालून चष्म्याचं घर काढलं आणि माझ्या हातात दिलं. उघडलं. आत, चष्मा पुसायच्या फडक्यात, माझी चकती. अख्खी!

खाल्लीच नव्हती. मान खाली घातली तेव्हा बाहीत सरकवली. घड्याळजीचे हात ते, आम्हा दोघांना पत्ता लागला नाही. पोरीच्या समाधानासाठी हो म्हणाले होते, फादरपुढेही अर्धंच बोलले होते. म्हणाले, मनात राग धरून ते तोंडात घालवेना, फेकवेना, परत द्यायची सोय नाही. देव उशाशी घेऊन चार दिवस पडलोय, डोळ्याला डोळा नाही. ऑपरेशनपेक्षा ह्याचीच धास्ती!

मी मटकन खाटेच्या कडेवर बसलो. या आठवड्यात दुसऱ्यांदा.

मग त्यांनी हसणं थांबवलं. "इन्स्पेक्टर, एकतीस वर्षांत त्या दारातून कुणी येऊन आमचं चुकलं असं म्हणालं नाही. सांत्वनं केली, उपदेश केले. मला एवढंच ऐकायचं होतं. तुम्ही पहिले."

 फादरना बोलावू का विचारलं. नको म्हणाले. "आज घेतलं तर भीतीपोटी घेतल्यासारखं होईल. वाचलो तर माझ्या पायाने येईन. नाही वाचलो तर समोरासमोर बघून घेऊ, तो आणि मी."

मग चकतीकडे बोट. ही साधी भाकरच ना? नक्की? मग मोडा की! मोडली. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मी. कागदासारखी लागते. दुपारची चहाची गाडी आली तेव्हा आम्ही दोघं चघळत बसलो होतो. मुलगी आत आली, आमच्याकडे बघून तिला काही समजेना. सांगा तुम्हीच, म्हणालो, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात ओक्साबोक्शी रडलो. सुटल्यासारखं वाटत होतं. आणि उद्याची भीती तशीच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी आठला आत नेलं. मी, मुलगी, फादर बाकावर. फादर जपमाळ ओढत होते. माझं मन प्रार्थनेत लागेना, माझं एकच चाललं होतं, देवा, त्यांनी काल नको म्हटलंय ते मनात धरून बसू नकोस.

पावणेदोनला डॉक्टर बाहेर आले. वाचले! डॉक्टरांचा हात मी इतक्या जोरात दाबला की त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, त्यांना अजून कामं होती.

रविवार, १९ ऑक्टोबर

डबी आज सकाळीच भरली. ताटात ठेवली. घंटाकाकांनी मुद्दाम मोठ्याने मोजलं, एक, दोन, तीन, चार. सगळे हसले. हसू देत. देवा, तुझे आभार कुठून मोजायला सुरुवात करू तेच कळत नाही. आणि माझ्यासारख्याने मोजणी सोडावी म्हणजे बघ.

ही म्हणाली, बऱ्याच दिवसांनी गाणं म्हणताय आंघोळीला. मला तर पत्ताच नव्हता.

रविवार, २ नोव्हेंबर

काटेमामा घरी आलेत. गेलो होतो. चहा, टोमणे. चर्चचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. त्यांना वाटलं तर बघतील, मला घाई नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

कम्युनियन द्यायला एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला मी. फादरची रांग लहान होती, तरी काटेमामा माझ्या रांगेत उभे राहिले. एका हातात काठी, दुसरा मुलीच्या खांद्यावर. समोर आले. ख्रिस्तशरीर, मी म्हणालो. आमेन, ते म्हणाले. काठी मुलीकडे देऊन हात पुढे केला, तोंडात घातलं. मग बाजूला झाले नाहीत. मागे रांग खोळंबली होती. त्यांनी गिळलं, आणि माझ्यापुढे आ करून रिकामं तोंड दाखवलं.