डेऱ्यातलं पीठ

आप्पा, तुम्ही गिरणीतल्या डेऱ्यात पीठ का भरायचात, हे मला तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलं. तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतंत का, कोण जाणे.

गावात कुणाला दवाखान्यात ठेवलं की तुम्ही कोनाड्यातला मातीचा डेरा काढायचात, त्यात निम्म्यापर्यंत ज्वारीचं पीठ ओतायचात आणि तोंडावर फडकं टाकून तो दाराशी ठेवायचात. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण फडक्याखालून मूठ आत घालायचा. पहिला हात आजारी माणसाच्याच घरचा, ही रीत. संध्याकाळी तुम्ही पीठ चाळून पैसे वेगळे काढायचात, फडक्यात बांधायचात आणि त्या घरी देऊन यायचात. एकदा मी डेऱ्याला कान लावून बसलो होतो, तर तुम्ही तोच कान धरून मला उठवलंत. "कुणी काय टाकलं ते बघणं आपलं काम न्हाय," एवढंच बोललात.

गिरणी आता मी चालवतो. यंदा आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्यांतच हातातलं सगळं गेलं. धाराशिवला विम्याच्या माणसाकडे गेलो. त्यानं आईचं वय विचारलं, साखर आहे का विचारलं, आणि मी दोनदा तपासून नीट भरलेला कागद परत माझ्याकडे सरकवला. निघताना मी उगाच विचारलं, "आधीच काढला असता आणि मधे हप्ता चुकला असता तर?" तो म्हणाला, "मग विमा बंद." एसटीत बसल्यावर मी विचार करत राहिलो, की आपल्या डेऱ्यात कुणाचा हप्ता चुकला हे कसं ओळखायचं?

घरी येऊन डेरा काढला खरा, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. नोटा पिठानं मळतील, चाळताना फाटतील, दवाखान्यात घेणार नाहीत, अशी धास्ती वाटली. म्हणून डेरा पुन्हा कोनाड्यात ठेवला आणि झाकणाला फट पाडून स्टीलचा स्वच्छ डबा मांडला. मग गिरणीत माणसं कमी होऊ लागली. आईला बघायला घरी येत होती, दळण मात्र दुसरीकडे नेत होती. ऑपरेशनचा दिवस जवळ येत होता आणि डबा हलकाच होता. शेवटी मागच्या गल्लीतली आक्का डोक्यावर दळण घेऊन लांबच्या गिरणीकडे जाताना दिसली.

"आक्का, आमची गिरणी बंद हाय व्हय?"

"गिरणी चालू हाय रं. पर तुझा डबा लई बोलतो."

"म्हंजे?"

"रुपया टाकला तर टणकन वाजतंय. काय न्हाय टाकलं तर त्येबी समद्यास्नी ऐकू येतंय. तुझ्या बापाच्या डेऱ्यातनं कसं, समद्यांचे हात पांढरेच निघायचे. लई शिकलास तू!"

माझी दहावीही पुरी झालेली नाही, हे तिला ठाऊक आहे. हसत हसत पुढं गेली.

त्याच दिवशी डेऱ्यात पीठ ओतलं. दळणं परत आली. आक्काही आली, मनगटापर्यंत हात घातला आणि पदराला पुसत गेली. तिच्या मुठीत काय होतं, ते मला माहीत नाही. ऑपरेशन झालं. आई घरी आहे आणि बिनतेलाच्या भाजीवरून रोज माझ्याशी भांडते.

आता एकच विचारायचं राहिलंय. मी लहान असताना मला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा पहिला हात तुम्हीच घातला असणार. तुमच्या मुठीत काही होतं का, आप्पा?

हा कागद कुठं टाकायचा, ते मला माहीत नाही. घडी करून रिकाम्या डेऱ्यात ठेवतो. विचारलं एवढ्यासाठी, की आईच्या वेळी पहिला हात मी घातला, तेव्हा माझी मूठ रिकामी होती.