आठ नंबरची सळई

थंडर बे, ११ जानेवारी १९८४

ती. ऑस्मोभावोजींस,
रायमोचा सा. न. वि. वि.

हिल्क्काताई सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर घसरून मनगट मोडून बसली, तुम्ही लाकूडतोडीच्या तळावर. म्हणून तुमच्या तान्ह्या सेप्पोची सळई माझ्या गळ्यात. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनने शीची वाट रुंद केली, ती पुन्हा आवळू नये म्हणून रोज दोनदा मी व्हॅसलीन लावून पोलादी सळई आत सारतो. मग तो माझ्या बाहीवरच शी करतो. नखांतला वास जात नाही. जिच्यापायी कॉलेज सोडलं ती मार्लीन काल बेकरीत पाव हातात देईना, काउंटरवरून ढकलला. सुरुवातीला किंचाळणारा सेप्पो मात्र आता हूं की चूं करत नाही. हात बसलाय माझा.

लोभ आहेच, तो या घाणीनंतरही राहू द्या.
आपला, रायमो

तळावरून, १६ जानेवारी

चि. रायमोस,
अनेक आशीर्वाद.

इथे चाळीस जणांत एक संडास आहे, ये नाक घेऊन. थट्टा पुरे. सळई कितव्या नंबरची लावतोस? आठपासून दर सोमवारी एक नंबर जाड सळई घ्यायची, म्हणजे आज दहा. नंबर वाढला की पोर रडणारच; ते रडत नाही याचीच मला काळजी वाटते. तीस तारखेला तपासणी आहे. वाट आवळली असेल तर पुन्हा ऑपरेशन, नि तोवर शीसाठी पोटावर पिशवी. खरं ते लिही.

तुझ्यावर माया करणारा, ऑस्मो

थंडर बे, २० जानेवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

अजून आठच. नऊ एकदा लावली, तो असा ओरडला की मी ती काढून पुन्हा आठ घेतली. ताईला वाढवली म्हणून सांगितलं. शी पेन्सिलीएवढी बारीक झाली, तीही गुपचूप फेकली. त्याच्या घाणीची नाही आली एवढी किळस मला माझी आली.

काल ताईला सगळं सांगितलं. तिने धड हाताने माझ्या कानफटात दिली, मग त्याच हाताने पोराचे पाय धरले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आधी नऊ, सोमवारी दहा. नऊ लावली. तो किंचाळला, थेंबभर रक्त आलं, मी थांबलो नाही. मग बोटाएवढी जाड शी थेट माझ्या शर्टावर. तेवढ्यात दारात मार्लीन, हातात गोड पाव. नाक दाबून तशीच वळली. मागे धावलो नाही. संध्याकाळची सळई लावायची होती.

पाव ती पायरीवरच ठेवून गेली होती. ताईने खाल्ला, मला वासाने गिळवेना.

रागावलात तरी आपला म्हणा.
रायमो