दादाच्या उसातलं विमान

४ जानेवारी १९७६, रविवार

गेलं! तीन मिनिटं उडालं आणि गेलं.

लगेच लिहून ठेवतो. एअरफोर्सनं अठरा वर्षांत एक सवय लावली — बिघाड झाला की आधी लिहायचं, मग शिव्या द्यायच्या.

सकाळी माळावर वारं अगदी पडलेलं. इंजिनाला मेथॅनॉल आणि एरंडेलाचं मिश्रण पाजलं. (एरंडेल घेताना परवा वाण्यानं विचारलंच, "फौजी, पोट कुणाचं बिघडलंय?") पंखा बोटानं फिरवला, चौथ्या झटक्याला इंजिन बोललं. रेडिओचा डबा गळ्यात, एरियल पूर्ण वर. साडेतीन हात पंखांचं, मी घरीच बांधलेलं ते पिवळं विमान माळावरून असं उचललं की माझ्याच तोंडून "अरे वा!" निघालं. दोन घिरट्या झकास झाल्या. मग ते वळून माझ्याकडं यायला लागलं आणि माझी मती फिरली.

विमान पाठमोरं असलं की डब्यावरची काडी डावीकडं दाबली की तेही डावीकडं वळतं. समोरून आलं की त्याचं डावं ते माझं उजवं. हे मला पाठ आहे, कागदावर काढून दाखवीन! पण हातानं ऐकलं नाही. ते चुकीच्या बाजूला वळेल तसतशी मी काडी आणखी दाबत गेलो. नाक खाली घातलं आणि थेट उसात.

जन्मभर विमानांचे नट आवळले. उडवणारे साहेब वेगळे असायचे. ते वेगळे का असतात, ते आज कळलं.

आणि पडावं कुठं? एवढं रान मोकळं सोडून नेमकं आकारामदादाच्या उसात! तासभर बांधावर उभा राहिलो. आत शिरायची हिंमत झाली नाही. घरी आलो.

५ जानेवारी

दादा माझा सख्खा भाऊ, आठ वर्षांनी मोठा. दोन घरांच्या मधे फक्त गोठा. आणि चार वर्षं आम्ही बोलत नाही.

डिसेंबर एकाहत्तरमध्ये आबा, आमचे वडील, गेले. मी सरहद्दीवर, लढाई चालू. घरी पोचलो ते जानेवारीच्या मध्याला. सगळं उरकलेलं. दादाचं डोकं भादरलेलं, माझं नाही. भावकी बसलेली असताना तो म्हणाला, "येणाऱ्याला वाट घावती." मी तोंड फिरवलं. त्यानंतर रजेवर आलो तरी, आणि गेल्या वर्षी पेन्शन घेऊन कायमचा आलो तरी, एक शब्द नाही. काही सांगायचं झालं तर बायकांच्या मार्फत.

आजही तसंच. मनू — माझी बायको — रंगूवहिनीकडं गेली. जाताना मला ऐकवून गेली, "अठरा वरसं सरकारची इमानं संबाळली, घरचं एक संबाळता आलं न्हाई!" येताना निरोप घेऊन आली: शोधायचं तर शोधा, ऊस मोडू नका.

नुसतं विमान गेलं असतं तर रडलो नसतो. लाकूड आहे, डिंक आहे, आणखी एक बांधीन. पण त्याच्या पोटात रेडिओची डबी आहे. एअरफोर्समधल्या माझ्या बरुआसाहेबांनी, मी नोकरी सोडताना, हातात ठेवली होती — "तू नीट ठेवशील." विलायतेची. तशी दुसरी मला या जन्मात मिळायची नाही. हातातला डबा एकटा काय करणार? त्याचं ऐकणारं उसात पडलंय.

६ जानेवारी

सकाळी सहाला शिरलो. तीन एकर, सातशे चाळीस जातीचा ऊस, दीड वर्षाचा, निम्मा लोळलेला. एअरफोर्सच्या पद्धतीनं — सरी पूर्ण झाली की टोकाला चिंधी बांधायची. दोन तासांत चार सऱ्या. पानांनी गालांची दाढी केली.

बाहेर आलो तर बांधावर दादा, हातात सर्जा बैलाचा कासरा. माझ्याकडं बघितलंच नाही. बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यालाच म्हणाला, "सर्ज्या, काय काय मान्सं हुबी चालत्यात आन् म्हणत्यात घावत न्हाई. वाकून बगाय नगं व्हय?"

बैलानं शेपटी हलवली. मी परत आत शिरलो. वाकून.

९ जानेवारी

पिवळा रंग मी का दिला! आभाळात उठून दिसावा म्हणून. आणि वाळलेलं पाचट कोणत्या रंगाचं असतं? शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढं सुचू नये? मनूला सांगितलं तर हसता हसता तिची भाकरी करपली.

११ जानेवारी

बावीस सऱ्या. एक मोडका विळा, एक सापाची कात, कुणाची तरी एक चप्पल. विमान नाही.

१५ जानेवारी

संक्रांत. चार वर्षांत पहिल्यांदा दादा बांधावर तिळगूळ घेऊन आला! माझ्या हातावर ठेवला आणि मान वळवून सर्जाला म्हणाला, "ग्वाड बोलाय सांग त्यास्नी."

मीही काही कमी नाही. सर्जालाच म्हणालो, "आधी त्यास्नी म्हणावं, कुणाशी तरी बोला."

दादाच्या मिशा हलल्या. हसला की काय ते नक्की सांगता येणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज दादा स्वतः आत आला. बैल घरी ठेवून.

मी एका सरीत, तो दोन सऱ्या सोडून पलीकडं. उसात माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पानांची सळसळ, त्याचा खोकला. मग तिकडून आवाज आला.

"आबा शेवटी शेवटी लय तुझं नाव काढायचं."

मी होतो तिथं थांबलो.

"हिरीवरचं इंजन सुरू झालं की म्हणायचं, आलं बग ज्ञानूचं इमान, दार उघडा. त्यास्नी वाटायचं तूच चालवतूस. मी व्हय म्हणायचो. दार उघडून ठिवायचो. एवड्या थंडीचं! चार दीस."

माझ्या तोंडून एकदम निघालं.

"दादा, तार मला सात दिसांनी घावली. रजा बंद हुती. सायबाच्या म्होरं रडलो मी. तरी न्हाई सोडलं."

पलीकडची सळसळ थांबली.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस?"

तिकडून हळूच, "न्हाई."

आणि थोड्या वेळानं नाक शिंकरल्याचा आवाज. "चल, फुडली सरी धर."

चार वर्षं! एकानं विचारलं नाही, एकानं सांगितलं नाही. दोघांना शहाणं म्हणावं की काय म्हणावं? समोरासमोर बसवलं असतं तर आजही बोललो नसतो. ऊस मधे होता म्हणून जमलं. माझा दादावर फार जीव आहे. सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितोय हे.

१९ जानेवारी

दादा म्हणाला, "ज्ञानू, च्या पिऊन जा." ज्ञानू म्हणाला! वहिनीनं पदराआड तोंड केलं. मनूला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "एक इमान पाडलं ते बरं झालं. आणखी दोन पाडा."

२१ जानेवारी

कारखान्याची टोळी दोन तारखेला येणार. मुकादम सांगून गेला. म्हणजे बारा दिवस. नंतर कोयते चालणार, गाड्या भरणार, पाचट पेटवणार. त्यात विलायती डबी कुठली टिकायची! दादाला म्हटलं, गणितानं बघितलं तर ते बांधावरच्या चिंचेच्या बाजूला पडायला हवं. तो म्हणाला, "त्या अंगाला मी सगळं बगितलंया. तू खालच्या अंगानं चल." माझं गणित नेहमीच कच्चं.

२४ जानेवारी

दादाचा राग आज बघितला. मी सुचवलं, शाळेची पन्नास पोरं आणू, एका सकाळीत सगळा ऊस पालथा घालतील. तर कडाडलाच! "पोरं ऊस खात्याल का इमान बगत्याल? आपुन दोगं काय मेलोय व्हय?"

ऊस त्याचा. पण दिवस नऊच राहिलेत आणि हा माणूस एका सरीला तंबाखूच्या दोन चिमटी लावतो. भरल्या गाडीच्या बैलासारखा सावकाश! मला रात्री झोप नाही, याला कसली घाई नाही.

२७ जानेवारी

आज बांधावर बसून दादाला चूक समजावून दिली — समोरून येताना डावं-उजवं कसं उलटतं ते. शांतपणे ऐकलं. मग उठला आणि सर्जाच्या पुढं जाऊन, त्याच्याकडं तोंड करून कासरा ओढून दाखवला.

"बैलाच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन हाकलं की असंच हुतंय गड्या. नव्या गड्याची ही पैली चूक. पाठ कर त्याच्याकडं आन् खांद्यावरनं मागं बग. मग त्याचं डावं ते तुझं डावं."

मी थक्क! बरुआसाहेबांच्या इंग्रजी मासिकात हीच युक्ती चित्र काढून दिली आहे. मी ते चित्र दहादा बघितलं, आणि माळावर विसरलो. दादानं एकदाही बघितलं नाही.

"पुन्यांदा उडवशील तवा मला बलीव," म्हणाला. "तुझी पाठ मी धरतो."

उडवायला विमान हवं ना, दादा.

३० जानेवारी

अठ्ठ्याऐंशी सऱ्या. गाल, हात, मान — सगळीकडं ओरखडे. रोज सकाळी सहा ते आठ उसात, मग वहिनीचा चहा, मग आबांच्या गोष्टी. दादाला आबांची नक्कल येते! मला माहीतच नव्हतं. आबा सावकाराच्या माणसांना पाणी न विचारता कसे घालवायचे, ते करून दाखवलं. हसून पोट दुखलं.

मग घरी आलो, कोनाड्यातला रेडिओचा डबा बघितला आणि फडक्यानं पुसून ठेवला. तीन दिवस राहिले.

२ फेब्रुवारी

टोळी आली. दादानं मुकादमाला माझ्यासमोर बजावलं, पिवळं काही दिसलं तर कोयता थांबवायचा. मी दिवसभर तोडणाऱ्यांच्या पुढं पुढं चाललो. बायका मोळ्या बांधता बांधता हसत होत्या. हसू देत.

३ फेब्रुवारी

निम्मं रान मोकळं. नाही.

५ फेब्रुवारी

शेवटचा ऊस आज चारला पडला. गाडी भरून गेली. तीन एकरांत आता एक उंदीरसुद्धा लपणार नाही. मी सगळं पाचट हातानं उलथून बघितलं. चिंचेखालीसुद्धा. काही नाही! नाकावर पडलेली वस्तू जाते कुठं?

बांधावर बसून राहिलो. लाज वाटत होती, पण डोळ्यांतून पाणी आलंच. बरुआसाहेबांना काय पत्र लिहू? नीट ठेवली म्हणून?

दादा शेजारी येऊन बसला. माझ्याकडं बघेना. मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाला, "वाऱ्यानं पल्याड गेलं असंल. भाऊसोच्या उसात. त्येची तोड मार्चात हाय. मी त्येला इचारतो. सकाळी सा वाजता बगू, काय?"

भाऊसोचा ऊस ओढ्याच्या पलीकडं आहे. तिथं जायला विमानाला पाय फुटायला हवेत. पण त्याचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही.

६ फेब्रुवारी

भाऊसोच्या उसात पाच सऱ्या झाल्या. नंतर वहिनीनं मला माळ्यावरनं बाजरीचं पोतं काढायला सांगितलं. दादा गोठ्यात होता. पोत्यामागं घोंगडी. घोंगडीखाली विमान. माती पुसलेली, फाटलेला पंख दाभणाच्या टाक्यांनी शिवलेला. डबी जागच्या जागी, शाबूत.

खाली वहिनी शिडी धरून उभी. हळूच म्हणाली, "पैल्याच सांजंला ह्यास्नी घावलं हुतं, भाऊजी. मी म्हणलं, देऊन टाका. तर ह्ये म्हणलं, दिल्यावर त्यो हिकडं कशाला येतुया?"

घोंगडी होती तशी परत घातली. पोतं घेऊन खाली आलो. दादानं गोठ्यातनं ओरडून विचारलं, "ज्ञानू, उद्या किती वाजता रं?"

सहा वाजता, म्हटलं. भाऊसोची तोड मार्चात आहे.