सरळ फिरणारी रील

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. संध्या. ७.
लोणी काळभोर, जयसिंगचं शेततळं. कादर पाच मासे, मी शून्य.
रिमार्क: रील सदोष.
रॉडवरची ही दोरा गुंडाळायची रील अठरा वर्षांची झाली. हँडल पुढे फिरवलं की कट्ट करून अडतं. मागे फिरवलं तरच दोरा आत येतो. इतकी वर्षं उलटं फिरवून मनगट कामातून गेलं. कादरला रील लागतच नाही. पत्र्याच्या डब्याला दोरा गुंडाळतो आणि हाताने ओढतो. माझ्याच कंपनीत लेथवर टर्नर होता, पण मशिनरीची आवड म्हणून नाही.
तळ्यावर कॉलेजची पोरं होती. रॉड धरायची अक्कल नाही. रील खाली लोंबतेय आणि खुशाल गळ टाकतायत. मी बोललो नाही. एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं, रिटायर झाल्यावर फुकट करत नाही.
परत येताना बसमध्ये कादर म्हणाला, तेवीस तारखेला इथे जोड्यांची स्पर्धा आहे. माझा पुतण्या उजैर जोडीला येतो म्हणतोय. पण साहेब, सोळापर्यंत तुम्ही एक मासा काढा, तुमचं नाव घालतो. एकच. बोटाएवढा चालेल.
अठरा वर्षं दर रविवारी शेजारी बसलो आणि आता परीक्षा! फार लागलं. जेवलो नाही. (नंतर थोडा भात.)
संकल्प: नवी रील. सरळ फिरणारी.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
अभ्यास सुरू. रीलचे अकरा व्हिडिओ पाहिले. गिअर रेशो, बॉल बेअरिंग, सगळं समजलं. सगळ्या व्हिडिओंत रील रॉडच्या खाली दिसते. मोबाइल उलटा धरून शूटिंग करत असणार. बायकोला, हिराला म्हटलं, रीलमध्ये नऊ बेअरिंग असतात. ती म्हणाली, गीझर आठवडाभर बंद आहे, त्यात किती असतात ते बघा.
कादरने कसब्यातलं एक दुकान सुचवलं. म्हणाला, जाताना रॉड घेऊन जा. रॉड कशाला? चप्पल घ्यायला जाताना कुणी रस्ता नेतं का?

५ नोव्हेंबर, बुधवार.
दुकानात शेफाली नावाची बाई आहे. मालकीणच असावी, कारण गिऱ्हाइकाकडे बघत नाही. म्हटलं, सरळ फिरणारी रील हवी. म्हणाली, काका, सगळ्या सरळच फिरतात. म्हटलं, माझी नाही फिरत. तिने एक काढली, रॉडला बसवायचा पाय वर धरून हातात दिली. मी हँडल पुढे फिरवलं. लोण्यासारखं! नऊ बेअरिंग. घेतली. किंमत इथे लिहीत नाही. हिरा वही वाचत नाही, पण खात्री कशाला करून बघायची.

तोच दिवस, दुपारी ४.
रॉडवर बसवली. पुढे फिरवलं. अडली.
मागे फिरवलं. फिरली.
दुकानात सरळ आणि घरी नारायण पेठेत उलटी. याला राजरोस फसवणूक म्हणतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
दुकानात गेलो. शेफालीने रील हातात घेतली. सरळ फिरली! बदलून दुसऱ्या कंपनीची घेतली. तीही घरी उलटी. हिरा म्हणाली, आपल्या घरात वास्तुदोष असेल. ती थट्टा करत होती. तरी गॅलरीत जाऊन फिरवून पाहिली.

९ नोव्हेंबर, रविवार.
लोणी. साडेदहाला गळाला काहीतरी लागलं! रॉड वाकला. हर्ष झाला आणि हात आपोआप पुढे फिरला. कट्ट. दोरा तुटला. जयसिंग बांधावरून ओरडला, काका, मोठा कटला हाय, सोडू नका! सोडतंय कोण? कादर पाण्याकडे बघत राहिला. सात मासे काढले त्याने.
आता एकच रविवार हातात.
रिमार्क: नवी रीलही सदोष. संपूर्ण इंडस्ट्री सदोष.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
तक्रार अर्ज तयार. चार पानं. मुद्दा तीन: "सदर रील केवळ विक्रेत्याच्या हातात सरळ फिरते." हाच मुद्दा त्यांना नडणार. परवा दुकानात जाऊन अर्ज हातात द्यायचा. साक्षीदार म्हणून कादरला नेतो. रॉडही नेतो, पुरावा म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.
गेलो. रॉडला लावलेली रील काउंटरवर ठेवली. म्हटलं, फिरवा. शेफालीने रॉडकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. रॉड उचलला आणि उलटा केला. रील खाली आली. हँडल पुढे फिरवलं.
सरळ.
काका, ही खालीच असते, म्हणाली. किती वर्षं असं धरताय?
मी काही बोलायच्या आत कादर म्हणाला, अठरा.
अर्ज खिशातच राहिला. रस्त्यात कादरला विचारलं, माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाला, सांगितलं होतं साहेब. एकदा. म्हटलं, शक्यच नाही. असलं काही मी विसरत नाही, रोजनिशी ठेवतो. म्हणाला, बरं.
त्या "बरं"ला पुरावा दाखवणार. २००७ ची वही माळ्यावर आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०.
वही सापडली. जसंच्या तसं उतरवतो.
"११ मार्च २००७. नवी रील. कादर म्हणाला, रील खाली हवी. टर्नरने इन्स्पेक्टरला शिकवायचं? त्याच्याशी संबंध संपले."
"१८ मार्च. एकटा गेलो. मासा नाही. पाणी गढूळ."
पुढचे अकरा रविवार तसेच. एकटा, मासा नाही. पाणी, ऊन, वारा, अमावस्या.
"१० जून. कादर सकाळी दारात. म्हणाला, साहेब, तुमचंच बरोबर, चला आता. शेवटी कळलं त्याला."
शेवटी कळलं त्याला! माझंच अक्षर. लाज वाटली. हिराने विचारलं, काय सापडलं. म्हटलं, धूळ.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्या. ६.
लोणी. रील खाली. हँडल पुढे फिरलं, अडलं नाही, मनगट दुखलं नाही. वारा नव्हता. पाणी नितळ. कॉलेजची पोरं शेजारीच होती, त्यांच्यासारखाच रॉड धरला. सहा तास बसलो.
मासा नाही.
कादरला म्हटलं, उजैरचं नाव घाल. त्याने फॉर्म काढून दाखवला. माझं नाव आधीच होतं, तारीख २ नोव्हेंबर. म्हणाला, उजैरला मासे शिजलेलेच आवडतात साहेब. त्या दुकानात तुम्ही एकदा रॉड घेऊन जावं, एवढंच हवं होतं.
रिमार्क:
बराच वेळ पेन धरून बसलोय. हिरा म्हणतेय, चहा गार होतोय.